तपासणीचा नग

टिकाऊ वस्तू कशी ओळखायची, हे मला विचारा! बाकी काही विचारू नका. दोडकी आणायला पाठवलंत तर मी गिलकी आणीन, आणि वर हीच दोडकी म्हणून भांडेन. पण वस्तू टिकणार की मोडणार, हे मी नुसती हातात घेऊन सांगतो! अहो, सगळी नोकरी त्यातच गेली. बडोद्याबाहेरच्या एका मोठ्या कारखान्यात मी तपासणी खात्यात होतो. पाइप, व्हॉल्व्ह, नटबोल्ट, जो माल बाहेरून येईल तो आधी माझ्यापुढे. मी 'पास' म्हटल्याशिवाय ट्रक गेटातून आत सरकत नसे. पुरवठादार देव पाण्यात घालून बसायचे!

आता निवृत्त झालोय. माल नाही, ट्रक नाही, देव कोरडे आहेत. खरं म्हणजे दमायला काही कारण नाही. तरी सध्या मी इतका दमलोय की दाराची बेल वाजली की झोपेचं सोंग घेतो. का, ते सांगतो.

नीरा, म्हणजे माझी बायको, दुकानदारांचे हिशेब आणि कराचे कागद करून देते. मांडवीत आणि वाडीत, म्हणजे बडोद्याच्या जुन्या भागात, तिची गिऱ्हाइकं. एक बांगडीवाला, एक पितळी भांड्यांचा, एक अत्तरवाला, अशी सगळी बारीकसारीक दुकानं. तिथे गाडी लावायला जागा नाही, म्हणून ही पायी हिंडते. खांद्याला पिशवी, पिशवीत लॅपटॉप. कधी कुणाच्या ओटल्यावर बसून काम करायचं, कधी हळदीच्या पोत्यावर. तिचा जुना लॅपटॉप बरेच दिवस कुरकुरत होता. झाकण जरा हललं की पडदा काळा! एका हाताने झाकण धरायचं आणि दुसऱ्या हाताने टाइप करायचं, असा संसार चालला होता. एक दिवस त्याने कायमचे डोळे मिटले.

आणि नेमका त्याच आठवड्यात विजयमालाबेनचा फोन आला. या बाईंचं मांडवीत साड्यांचं मोठं दुकान, शिवाय गावभर शाखा.

"नीराबेन, आमच्या सगळ्या शाखांचं काम आता तुम्हीच सांभाळा. सोमवारपासून या. रोज एकेका शाखेत बसायचं. लॅपटॉप मात्र तुमचा आणा हं! आणि सोमवारी नाही जमलं तर आत्ताच सांगा, दुसरे एक भाई तयारच बसलेत."

"जमेल, जमेल!" नीरा म्हणाली, आणि फोन ठेवून तडक स्वयंपाकघरात जाऊन तिने शिरा केला. आमच्याकडे आनंद असा साजरा होतो. इतकी वर्षं पोत्यांवर बसून तिने हे काम स्वतःच्या हिमतीवर मिळवलं होतं. मला खरंच तिचा अभिमान वाटला. तो तेवढ्यावरच ठेवला असता तर बरं झालं असतं.

शिरा खाता खाता तिने मला मोबाइलवर एक लॅपटॉप दाखवला.

"हा बघा. वजनाला हलका आहे, दिवसभर चार्जिंग टिकतं, आणि थोडा आपटला तरी चालतो म्हणतात."

"म्हणतात? कोण म्हणतात?"

"कंपनी म्हणते."

"अगं, पुरवठादार नेहमी असंच म्हणतो! आणि केवढा पातळ हा! लॅपटॉप आहे की खाकरा?"

"अहो, मला तो खांद्यावर घेऊन फिरायचंय."

"तेच तर! रोज फिरवायची वस्तू म्हणजे आधी टिकाऊ पाहिजे. तू काही काळजी करू नकोस. हे काम माझ्यावर सोड!"

नीराने चमचा खाली ठेवला. "सोमवारी सकाळी माझ्या हातात चालता लॅपटॉप पाहिजे. एवढंच लक्षात ठेवा."

"सोमवारी? शनिवारी देतो!"

आता आमच्या खात्याची रीत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. पाइपांचा ढीग आला तर प्रत्येक पाइप कोण तपासणार? त्या सगळ्या ढिगाला म्हणायचं लॉट. लॉटमधून डोळे मिटून एक नग उचलायचा. तो ठोकायचा, वाकवायचा, पाण्याने फुगवायचा, अगदी जीव जाईपर्यंत छळायचा. तो टिकला की लॉट पास! साधी, सोपी, सुंदर रीत. पण नीराला लॅपटॉप हवा होता एक. एकाचा लॉट कसा करणार? तपासावा तर मोडणार. आणि न तपासता घ्यावा, तर मग मी जन्मभर केलं काय?

रात्रभर विचार करून सकाळी मला उत्तर सापडलं. लॉट वाढवायचा!

संध्याकाळी सयाजीबागेत आमच्या मराठी मंडळातली माणसं बाकांवर बसतात, तिथे मी विषय काढला. संपतराव होते. यांचे आजोबा महाराजांच्या वेळचे कारभारी, त्यामुळे संपतराव आजही कुठलीच गोष्ट घेत नाहीत, 'मंजूर' करतात. निरुपमाबाई होत्या, त्या भजनी मंडळ चालवतात. आणि रेल्वेतून निवृत्त झालेले लक्ष्मणराव, मंडळाचे चिटणीस. हे गृहस्थ ठराव मांडल्याशिवाय शिंकतसुद्धा नसतील.

"लॅपटॉप मलाही हवाच आहे," संपतराव म्हणाले. "घराण्याची वंशावळ लिहायचीय. पण अक्षरं मोठी दिसली पाहिजेत."

"मला तंबोरा लावायला पाहिजे," निरुपमाबाई म्हणाल्या. "आवाज मात्र खणखणीत हवा. मागच्या रांगेतल्या बायकांना ऐकूच येत नाही."

"मंडळाच्या कामाला मीही घेणारच होतो," लक्ष्मणराव म्हणाले. "फक्त आकड्यांची बटणं उजवीकडे वेगळी असावीत. तिकीट खिडकीवर बसून सवय झालीय."

"झालं तर!" मी उठून उभा राहिलो. "आपण चार घरं. सगळ्यांनी एकसारखा लॅपटॉप घ्यायचा, आणि थोडे थोडे पैसे घालून पाचवा एक जास्तीचा. तो आपण मोडायचा!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"मोडायचा म्हणजे?" संपतरावांनी विचारलं.

मग मी त्यांना लॉट समजावला. नमुना समजावला. माझ्या हातून पास झालेला एक व्हॉल्व्ह मी निवृत्त होईपर्यंत कसा थेंबभरही गळला नाही, ते सांगितलं. तिघंही भारावून गेले. एवढ्या आदराने माझं कोणी निवृत्तीनंतर ऐकलं नव्हतं, खोटं कशाला बोलू!

"मंजूर!" संपतराव म्हणाले.

लक्ष्मणरावांनी लगेच ठराव मांडला, निरुपमाबाईंनी अनुमोदन दिलं, आणि तपासणी समिती स्थापन झाली. अध्यक्ष अर्थातच मी.

दुसऱ्या दिवशी समिती सयाजीगंजात हितेशभाईंच्या दुकानात गेली. नीराही होती. हितेशभाई म्हणजे अगदी गोड माणूस. "आवो आवो काका! बोला, शुं आपूं, काय देऊ?" त्यांना वाटलं, पाच लॅपटॉप जाणार, दिवाळी झाली! त्या बिचाऱ्यांना काय कल्पना!

नीरा सरळ तिच्या त्या हलक्या लॅपटॉपापाशी गेली. दोन बोटांनी उचलून पिशवीत घालूनसुद्धा बघितला. तिचा चेहरा इतका फुलला होता की मला क्षणभर वाटलं, घ्यावा हाच आणि व्हावं मोकळं. तेवढ्यात संपतराव पडद्याला नाक लावून म्हणाले, "ही अक्षरं आहेत की मुंग्या?"

"आवाज बघा किती बारीक!" निरुपमाबाई म्हणाल्या.

"आकड्यांची बटणं नाहीत," लक्ष्मणराव म्हणाले.

लॉट एकसारखाच पाहिजे, नाहीतर एक तपासून दुसरा पास कसा होणार? म्हणून सगळ्यांना चालेल असा शोधणं आलं. तीन संध्याकाळी आम्ही त्या दुकानात काढल्या. चहा त्यांचा, खमण त्यांचं, पंखा त्यांचा. पहिल्या दिवशी हितेशभाई आम्हाला 'काका' म्हणाले, दुसऱ्या दिवशी 'वडील', आणि तिसऱ्या दिवशी ते आम्हाला पाहून मागच्या खोलीत गेले ते लवकर बाहेरच आले नाहीत. शेवटी मोठ्या पडद्याचा, खणखणीत आवाजाचा आणि उजवीकडे आकड्यांची बटणं असलेला एक लॅपटॉप सापडला. 'रफ ॲन्ड टफ, काका!' असं हितेशभाई म्हणाले. मी तो उचलला आणि मला आमच्या जुन्या घरातला पाटा आठवला.

नीराने दोन्ही हातांनी उचलून बघितला.

"अहो, हा घेऊन मी मांडवीत फिरू?"

"खांद्याला व्यायाम होईल."

नीराने तो खाली ठेवला. लोकांसमोर ती मला काही बोलत नाही, हा तिचा मोठेपणा, आणि त्याचा फायदा मी जन्मभर घेत आलोय. बाहेर आल्यावर मात्र म्हणाली, "मला तो आधीचाच हवा होता, हे तुम्हांला माहितीय. पण तुमचा शब्द गेलाय. ठीक आहे. ओझं मी वाहीन, पण सोमवारी काम सुरू झालं पाहिजे. ते गेलं तर मी पुन्हा हळदीच्या पोत्यावर."

"अगं, शनिवारी तुझ्या हातात!"

शनिवारी खोकी आली, पण नीराच्या हातात काही पडली नाहीत. लक्ष्मणरावांनी पाचही खोकी दांडिया बाजारातल्या मंडळाच्या हॉलमध्ये कुलपात ठेवली. तपासणीआधी लॉटला कोणी हात लावायचा नाही, असा ठराव होता. आणि नियम माझाच, त्यामुळे मला बोलायची सोय नव्हती.

"रविवारी सकाळी नक्की?" नीराने विचारलं.

"नक्की! तपासणीला असा कितीसा वेळ लागतोय?"

रविवारी हॉलवर गेलो तर बाहेर चपलांचा ढीग! मंडळाच्या ग्रुपवर लक्ष्मणरावांनी निरोप टाकला होता: 'लॅपटॉप तपासणीचा जाहीर कार्यक्रम, नंतर सेव-उसळ.' सेव-उसळीचं नाव काढल्यावर बडोद्यातला मराठी माणूस घरात थांबेल का? खुर्च्या भरलेल्या. पुढच्या रांगेत पोरंटोरं. निरुपमाबाईंनी प्रार्थना म्हटली. संपतरावांनी आजोबांच्या आठवणी सांगितल्या, त्यात महाराजांनी एकदा त्यांच्या आजोबांकडे वळून पाहिल्याचा प्रसंग सविस्तर आला. लक्ष्मणरावांनी माझा सत्कार केला, मला श्रीफळ दिलं. नीरा दाराजवळच्या खुर्चीवर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती आणि सारखी घड्याळाकडे बघत होती. लॅपटॉप घरी नेऊन तिला त्यात सगळ्या गिऱ्हाइकांची माहिती भरायची होती.

मी डोळे मिटून एक खोकं उचललं. टाळ्या!

पहिली तपासणी, पडण्याची. टेबलावरून लॅपटॉप सरकवला. धप्! फरशीवर आदळला. पुढच्या रांगेतलं एक पोरगं रडायला लागलं. मी लॅपटॉप उचलला, बटण दाबलं. चालू! टाळ्या!

दुसरी तपासणी, सांडण्याची. मी पेल्यात पाणी घेतलं, तर लक्ष्मणराव म्हणाले, "पाणी कोण सांडतं हो? खरोखर सांडतं ते सांडा!" आणि त्यांनी आतून वाटीभर उसळीचा रस्सा आणला. लालभडक, तर्रीचा! मी तो बटणांवर ओतला, पुसला, बटण दाबलं. चालू! टाळ्या! हॉलभर लसणाचा वास सुटला.

तिसरी तपासणी आम्ही समितीत बराच वाद घालून ठरवली होती. खुर्चीवर लॅपटॉप ठेवला की त्याच्यावर माणूस न बघता बसतोच, हा सगळ्यांचा अनुभव. त्याला वजनदार माणूस हवा. संपतराव पुढे आले, धोतर सावरलं, आणि घराण्याच्या इतमामाने त्यावर बसले. तिथे बसूनच त्यांनी आजोबांची राहिलेली आठवण पूर्ण केली. उठले. बटण दाबलं.

चालू!

हॉल दणाणून गेला! मी खिशातून माझा जुना पिवळ्या रंगाचा मार्कर काढला आणि लॅपटॉपच्या पाठीवर मोठ्या अक्षरात लिहिलं: 'पास'. खाली सही केली. इतक्या वर्षांनी ती सही करताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो!

"लॉट पास!" मी जाहीर केलं. "आता आपापली खोकी घ्या आणि निर्धास्त घरी जा."

नीरा उठून पुढे आली. पण निरुपमाबाई तिच्याआधी टेबलापाशी पोहोचल्या आणि त्यांनी तो रश्श्याचा लॅपटॉप छातीशी धरला.

"मला हा पाहिजे."

"अहो बाई, हा तपासणीचा नग आहे. आपटलेला, भिजलेला, वर संपतराव बसलेले! तुमचा नवाकोरा खोक्यात आहे."

"खोक्यातला टिकेल कशावरून?"

"कशावरून म्हणजे? हा टिकला म्हणून!"

"टिकला तो हा. मग मी हाच घेते. खोक्यातला तुम्ही घ्या ना!"

इतकी वर्षं नोकरी केली, हजारो लॉट पास केले, पण एकाही पाइपाने मला कधी असा प्रश्न विचारला नव्हता.

"बाई बरोबर बोलतायत," संपतराव म्हणाले. "तपासलेला असा हा एकच. आणि त्याच्यावर मी बसलोय. त्यामुळे माझा हक्क पहिला."

"तो सामाईक पैशांचा आहे," लक्ष्मणराव म्हणाले. "म्हणजे मंडळाचा. म्हणजे चिटणिसाच्या ताब्यात!"

तिघंही तो लॅपटॉप ओढायला लागले. जो नग मी मारण्यासाठी आणला होता, त्याच्यासाठी माणसं भांडत होती, आणि नवीकोरी खोकी कोपऱ्यात पोरकी पडली होती. मागच्या लोकांनी उसळ कधी मिळणार म्हणून गलका सुरू केला.

"एवढं कशाला?" कोणीतरी मागून ओरडलं. "सगळेच तपासून टाका!"

"ठराव मांडतो!" लक्ष्मणराव म्हणाले.

"अहो, सगळे तपासले तर उरणार काय?" मी ओरडलो. पण माझं ऐकतोय कोण!

या गोंधळात नीरा शांतपणे कोपऱ्यात गेली आणि एक खोकं उचलून दाराकडे निघाली. "मी निघते हो. मला आहे असाच चालेल. माझं काम खोळंबलंय."

ती दारापर्यंत पोहोचली होती. आणखी चार पावलं गेली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण लक्ष्मणरावांनी चष्मा वर केला.

"बघा, बघा! वहिनी न तपासता चालल्या. म्हणजे चांगलं खोकं कुठलं ते अध्यक्षांना आधीच ठाऊक असणार!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. अहो, माझ्यावर संशय! आयुष्यात पुरवठादाराची एक डायरीसुद्धा घेतली नाही मी. दिवाळीची मिठाई परत पाठवायचो, पोरं रडायची घरी! माझं डोकं फिरलं. सणक गेली पार मस्तकात!

"नीरा, दे इकडे ते खोकं!"

"अहो, नको. लोकांचं काय मनावर घेता?"

"दे म्हणतो ना! हे घ्या! पहिला माझाच तपासतो! होऊन जाऊ दे!"

मी खोकं फाडलं, लॅपटॉप काढला, टेबलावर ठेवला, आणि रागाच्या भरात सरकवण्याऐवजी ढकलला.

आवाज वेगळाच आला. माझ्या कानाला तो लगेच कळला. आयुष्यभर तोच तर ऐकत आलो. लॅपटॉप उचलला तर पडद्याला तडा गेलेला, एक कोपरा उडून गेलेला. बटण दाबलं. पुन्हा दाबलं. काहीच नाही.

आणि इथे माझ्या तोंडाने घात केला. दुसऱ्यांदा तपासलेला नग मोडला तर काय म्हणायचं, हे इतक्या वर्षांत हाडीमाशी खिळलेलं. मी खणखणीत आवाजात म्हणालो, "लॉट रिजेक्ट!"

मग जे झालं ते काय सांगू! उरलेल्या खोक्यांना कोणी हात लावेना. निरुपमाबाईंनी रडायला सुरुवात केली. संपतराव म्हणाले, ही फसवणूक आमच्या आजोबांनी सहन केली नसती. लक्ष्मणरावांनी माझा सत्कार मागे घ्यायचा ठराव मांडला, आणि माझं श्रीफळ खरोखरच परत घेतलं! मी हितेशभाईंना फोन लावला.

"काका, वॉरंटी छे, पण आवी नहीं, असल्या मोडण्याला नाही," ते म्हणाले. "हातातून पडला असं तुम्ही सांगाल, पण माझ्या मोबाइलवर व्हिडिओ आलाय. तुम्ही ढकलताना दिसताय. सगळ्या गावाने बघितलं, काका!"

नीराने मोडलेला लॅपटॉप मुकाट्याने खोक्यात भरला. मग ती लक्ष्मणरावांपाशी गेली. "भाऊ, तो पास झालेला मला उद्याच्या दिवस द्याल? संध्याकाळी आणून देते."

"वहिनी, माझी काहीच हरकत नाही," लक्ष्मणराव मंडळाच्या कपाटाला कुलूप लावत म्हणाले. "पण त्याला कार्यकारिणीची मंजुरी लागते. पुढच्या रविवारी बैठक आहे. पहिलाच विषय तुमचा घेतो."

घरी येईपर्यंत नीरा माझ्यापुढे चार पावलं भरभर चालत होती. चिडली असती तर बरं वाटलं असतं. तिने पिशवी खुंटीला लावली, कुकर चढवला आणि खुर्चीवर टेकली. त्या रिकाम्या पिशवीकडे बघून मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू. तिच्या हातातोंडाशी आलेला घास, आणि तो मीच फरशीवर ढकलला होता.

"नीरा, माझं चुकलं," मी म्हणालो. "मी विजयमालाबेनना फोन करून सांगतो, दोन दिवस थांबा म्हणून."

"काही नको."

"मग मी पुन्हा हितेशभाईंकडे जातो. या वेळी नीट बघून..."

"अहो!" ती ताडकन उभी राहिली. लग्नानंतर पहिल्यांदाच मी तिचा तो आवाज ऐकला. "तुम्ही कुठेही जायचं नाही. काही बघायचं नाही, काही वाजवायचं नाही, कुणाला विचारायचं नाही. इथे बसायचं. कुकर लावलाय, शिट्ट्या झाल्या की बंद करा. जमेल?"

"जमेल."

पिशवी घेऊन ती गेली. मी कुकरसमोर बसलो. शिट्ट्या मोजतोय तोवर ती परतसुद्धा आली. पिशवीत तोच तिचा पातळ, हलका लॅपटॉप! जाऊन, घेऊन, पैसे देऊन, रिक्षाने परत. आमच्या समितीचा पहिला चहा संपायला याहून जास्त वेळ लागला होता. मी हात पुढे केला. तिने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

सोमवारी सकाळी ती गेली. दिवसभर माझं कशात लक्ष नव्हतं; खोकी परत करून पैसे आणा, म्हणून समितीतलं कोणी ना कोणी सारखी बेल वाजवत होतं, आणि मी झोपेचं सोंग घेऊन पडून होतो. संध्याकाळी तिच्या चपलांचा आवाज आला आणि पाठोपाठ स्वयंपाकघरातून रवा भाजल्याचा वास. काम मिळालं होतं, पक्कं! मी जाऊन दारात उभा राहिलो.

"लॅपटॉप नीट चालला ना?"

"मस्त. एकदा गादीवरून घसरून खाली पडला, त्याच्यावर साड्यांचा गठ्ठाही पडला. काही झालं नाही."

"घेताना बघितलास तरी का नीट? झाकण हलवून? कोपरे दाबून?"

"नाही."

"अगं, पण न तपासता..."

नीराने गॅस बारीक केला आणि पहिल्यांदाच, दोन दिवसांत पहिल्यांदाच, ती हसली.

"न तपासता घेतलेल्या वस्तूही टिकतात हो. आमच्या बाबांनी तुम्हांला कुठे तपासलं होतं? तुम्ही तर बघण्याच्या कार्यक्रमाला कारखान्यात अडकला होतात. बाबांनी तुमच्या थोरल्या भावाला बघितलं, आणि लॉट पास केला!"

मी शिऱ्याची बशी घेतली. दादा आमचा खरंच फार चांगला आहे.